तुर्की धातुसाधितांतला काळ

तुर्की क्रियापदांचा तक्ता पाठ करण्याआधी एक गोष्ट पाहा. ‘मिसाफिर’ म्हणजे पाहुणा आणि ‘मिसाफिरिम’ म्हणजे मी पाहुणा आहे. हाच ‘इम’ धातुसाधिताला, म्हणजे क्रियापदापासून बनलेल्या नाम-विशेषणासारख्या रूपाला, लावला की काळ तयार होतो. ‘गेल’ म्हणजे येणे. ‘गेलिरिम’ म्हणजे मी येतो, ‘गेलमिशिम’ म्हणजे मी आलोय म्हणे, आणि ‘गेलेजेक’वरून ‘गेलेजेइम’, म्हणजे मी येणार. स्वराआधी ‘क’ इतका मऊ होतो की ऐकूच येत नाही. ‘मी येणार’ आणि ‘येणारा पाहुणा’ यांतलं नातं आपल्याला ठाऊक असल्यामुळे ही रचना मराठी माणसाला परकी वाटू नये. ‘गेलदिम’, म्हणजे मी आलो, हे मात्र वेगळं: त्याचे पुरुषप्रत्यय वेगळे आहेत आणि ‘गेलदी’ नामाआधी विशेषण म्हणून येत नाही.

धातुसाधित नामाआधी आल्यावर खरी गंमत सुरू होते. ‘गेलेन आदाम’ म्हणजे (नेहमी) येणारा माणूस, येत असलेला माणूस आणि आलेला माणूसही. मराठीला इथे तीन रूपं लागतात, तुर्की एकावर भागवते. ‘द्युन’ म्हणजे काल, ‘हेर ग्युन’ म्हणजे रोज. असे शब्द किंवा मुख्य क्रियापद उरलेलं काम करतात. भविष्य तेवढं वेगळं काढलं जातं: ‘गेलेजेक हाफ्ता’, पुढचा आठवडा. म्हणजे इथली विभागणी ‘भविष्य’ आणि ‘भविष्य नाही’ अशी दोनच घरांची आहे.

ज्या नामाचं वर्णन करायचं ते स्वतः कर्ता नसेल तर ‘गेलेन’मधला ‘एन’ सहसा चालत नाही, आणि शिकणारे इथे चुकतात. ‘अलीनं वाचलेलं पुस्तक’साठी ‘अली ओकुयान किताप’ म्हणू नका. ‘अलीनिन ओकुदूउ किताप’ म्हणा: कर्त्याला षष्ठी, धातुसाधिताला स्वामित्वाचा प्रत्यय. याचा अर्थ अली वाचत असलेलं पुस्तक असाही होतो. वाचायचं बाकी असेल तर ‘ओकुयाजाअ किताप’.

‘गेलमिश’मधल्या ‘मिश’चं वागणं मला सर्वांत मोलाचं वाटतं. वाक्याच्या शेवटी ‘गेलमिश’ म्हटलं की आला म्हणे, बोलणाऱ्यानं स्वतः पाहिलेलं नाही. पण ‘पिश्मिश येमेक’ म्हणजे फक्त शिजलेलं जेवण. तिथे ऐकीव माहितीचा अर्थ उरत नाही. एकच प्रत्यय जागा बदलली की साक्ष देणं सोडून देतो.

आणि हा काळ मोजायचा कुठून? मुख्य क्रियापदापासून, आजपासून नव्हे. ‘गिदेजेइनी सोयलेदी’ म्हणजे आपण जाणार असल्याचं त्यानं सांगितलं; तो जाऊन वर्ष झालं असलं तरी रूप हेच, कारण सांगताना जाणं पुढे होतं. ‘गित्तीइनी सोयलेदी’ म्हणजे गेल्याचं सांगितलं, किंवा जात असल्याचं. आधीच गेला होता हे ठाम सांगायचं तर ‘गितमिश ओल्दूउनु’ म्हणावं लागतं.