ड्रायडन गेल्यानंतरचा हंगाम

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, न्यूयॉर्क शहरापासून मोटारीने चार-पाच तास आत गेलं की इथाका नावाचं लहानसं शहर लागतं. केयुगा नावाचं लांबच लांब तळं, तळ्यालगत चढत गेलेली टेकडी, आणि टेकडीवर कॉर्नेल विद्यापीठ. आपल्या मुंबईच्या रतन टाटांनी वास्तुकलेचं शिक्षण घेतलं ते इथेच. या विद्यापीठाच्या मुलांचा आइस हॉकीचा संघ 1969-70 च्या हंगामात 29 सामने खेळला आणि सगळेच्या सगळे जिंकला. हार नाही, बरोबरीसुद्धा नाही. अमेरिकेतल्या कॉलेज संघांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा 1948 पासून चालू आहे. इतक्या वर्षांत असा पूर्ण निष्कलंक हंगाम खेळून विजेता ठरलेला हा एकमेव संघ. पुढचा काही वेळ मी तुमच्याशी या मुलांबद्दल बोलणार आहे.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की हिरवं मैदान आणि ध्यानचंद आठवतात. बर्फावरची हॉकी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सुमारे दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद असा बर्फाचा पट्टा, चारी बाजूंनी फळ्यांचं कुंपण. चेंडू नसतो. कडक रबराची चकती असते, तीन इंच रुंद, एक इंच जाड. तिला पक म्हणतात. ती बर्फावर उड्या मारू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. प्रत्येक बाजूचे सहा जण बर्फावर, त्यातला एक गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांचे तीन टप्पे. खेळ इतका दमवणारा की कुणीही सलग मिनिटभरही जोर लावून खेळू शकत नाही. म्हणून खेळ चालू असतानाच एक तुकडी कुंपणावरून बाहेर उडी मारते आणि दुसरी आत उतरते. आणि कुणी धसमुसळेपणा केला तर त्याला दोन मिनिटं बाहेर बसवतात. कबड्डीत गडी बाद झाल्यावर होतं तसं, उरलेल्यांना तेवढा वेळ कमी माणसांत निभवावं लागतं. हा शेवटचा नियम लक्षात असू द्या. पुढे तो लागणार आहे.

आता कॉर्नेल. तिथे हॉकी जुनी होती, पण ती विद्यापीठाच्या आवारातल्या बीबी तळ्यावर खेळली जाई. तळं कधी नीट गोठे, कधी नाही. अशा बेभरवशाच्या बर्फावर संघ चालवायचा कसा? 1940 च्या दशकाच्या अखेरीला विद्यापीठाने हा खेळच बंद केला. पुन्हा सुरू झाला तो 1957 मध्ये, लायना रिंक नावाची बंदिस्त, कृत्रिम बर्फाची इमारत उभी राहिल्यावर. म्हणजे ज्या संघाबद्दल मी बोलतोय, त्याच्या घराला तेव्हा जेमतेम तेरा वर्षं झाली होती.

1963 मध्ये नेड हार्कनेस तिथे प्रशिक्षक म्हणून आले. जन्म कॅनडातल्या ओटावाचा. त्याआधी त्यांनी ट्रॉय शहरातल्या आरपीआय या तंत्रशिक्षण संस्थेच्या संघाला 1954 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. हार्कनेसनी कॅनडातली मुलं शोधून आणायला सुरुवात केली. कॉर्नेल आयव्ही लीगमधलं, म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेकडच्या आठ नामवंत विद्यापीठांच्या गटातलं विद्यापीठ, त्यामुळे चांगला खेळतो म्हणून शिष्यवृत्ती देण्याची सोय नव्हती. प्रवेश मिळवायचा, अभ्यास करायचा आणि मग खेळायचं. बरीचशी मुलं कृषी महाविद्यालयात किंवा हॉटेल व्यवस्थापनाच्या शाखेत शिकत. हार्वर्डवाले त्यांना शेतकऱ्यांचं कॉलेज म्हणून चिडवत. मला त्यात चिडवण्यासारखं काही दिसत नाही. शेतीशास्त्राचा पेपर देऊन संध्याकाळी बर्फावर उतरणारा मुलगा मला फार मोलाचा वाटतो. 1967 मध्ये या मुलांनी बोस्टन विद्यापीठाला 4-1 असं हरवून कॉर्नेलला पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं.

त्या संघाचा गोलरक्षक होता केन ड्रायडन. सहा फूट चार इंच उंच, शांत, इतिहासाचा विद्यार्थी. तीन हंगामांत त्याने 76 सामने जिंकले, 4 हरले, 1 बरोबरीत सोडवला. पुढे मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या व्यावसायिक संघाकडून खेळताना त्याने सहा वेळा स्टॅन्ली चषक, म्हणजे व्यावसायिक आइस हॉकीतला सर्वोच्च चषक जिंकला, मग वकील झाला, लेखक झाला, कॅनडाच्या केंद्रीय मंत्रिमंडळात मंत्री झाला. 2025 च्या सप्टेंबरमध्ये तो गेला तेव्हा कॅनडाभर हळहळ व्यक्त झाली. कॉर्नेल हॉकी म्हटलं की आजही पहिलं नाव त्याचं निघतं, आणि ते योग्यच आहे.

पण श्रोतेहो, त्या 29 सामन्यांपैकी एकाही सामन्यात ड्रायडन नव्हता. 1969 मध्ये तो पदवी घेऊन बाहेर पडला होता. त्याचा कॉर्नेलसाठीचा शेवटचा सामना म्हणजे 1969 ची राष्ट्रीय अंतिम फेरी, कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे, डेन्व्हर विद्यापीठाविरुद्ध. कॉर्नेल 4-3 ने हरलं. एका गोलने. अनेक वर्षांतून एकदा मिळावा असा गोलरक्षक असूनही हातातून गेलं, आता तर तोही नाही. त्या वसंतात इथाकात बसून कुणी पुढच्या वर्षाचा विचार केला असता, तर त्याला चिंताच वाटली असती. म्हणून या हंगामाबद्दल मला इतकं प्रेम आहे. मोठं नाव निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांनी जे केलं, ते त्या मोठ्या नावाच्या काळातही झालं नव्हतं.

काळही साधा नव्हता. डेन्व्हरविरुद्धच्या त्या पराभवाला महिना होतो न होतो तोच, एप्रिल 1969 मध्ये, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी कॉर्नेलच्या विलर्ड स्ट्रेट हॉलचा ताबा घेतला. दीड दिवसाने ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात बंदुका होत्या, आणि ते छायाचित्र देशभर छापलं गेलं. त्यानंतर विद्यापीठाच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, सैन्यभरतीची टांगती तलवार अमेरिकन विद्यार्थ्यांच्या डोक्यावर होती. हॉकीमुळे हे सगळे प्रश्न मिटले असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं त्या विद्यार्थ्यांवर अन्याय ठरेल. एवढंच सांगतो, की वर्षभर सभा, निदर्शनं आणि वाद चालू असलेल्या त्याच टेकडीवर लायना रिंक प्रत्येक सामन्याला गच्च भरत होती.

गोलरक्षणाची जागा मिळाली ब्रायन क्रॉपर या मुलाला. ड्रायडन असताना तो राखीव होता. राखीव गोलरक्षकाइतकी अवघड जागा मला खेळात दुसरी दिसत नाही. सराव सगळा करायचा, कपडे सगळे चढवायचे, आणि बाकावर बसायचं, कारण समोर जो उभा आहे तो चुकतच नाही. आणि क्रॉपर अंगाने किती? ड्रायडनपेक्षा जवळजवळ फूटभर बुटका, वजनाने हलका. गोलजाळ्यात ड्रायडन उभा राहिला की जाळं दिसेनासं होई. क्रॉपरच्या आजूबाजूला ते सगळीकडून उघडं दिसे. त्यामुळे त्याचा खेळ चपळाईचा होता, पकच्या आधी तिथे पोहोचण्याचा. या मुलाने तो संपूर्ण हंगाम पेलला.

बचावात होता डॅन लोडबोआ. हा खरा आघाडीचा खेळाडू, गोल करणारा. हार्कनेसनी त्याला मागे आणलं. गोल करण्याची सवय असलेल्या मुलाला बचावात उभं करणं म्हणजे त्याच्यावर मोठा भरवसा टाकणं. लोडबोआने बचावही केला आणि मागून पक घेऊन सगळं मैदान कापत पुढे जाणंही सोडलं नाही. शिवाय डिक बर्ट्रँड होता, इतरांपेक्षा वयाने मोठा. कॉलेजात येण्याआधी त्याने टोरांटोच्या पोलीस दलात काम केलं होतं. जॉन ह्यूज होता. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे, म्हणजे कुणालाही तीनच हंगाम मिळत. शेवटच्या वर्षाच्या मुलांना डेन्व्हरविरुद्धची हार आठवत होती आणि ती भरून काढायला त्यांच्याकडे तेवढाच एक हिवाळा होता.

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातल्या विजयांवरून मी झरझर पुढे जातो. लायना रिंकवर त्या वर्षांत कॉर्नेलला कुणी हरवूच शकत नव्हतं. घरच्या बर्फावर सलग 63 विजयांची जी मालिका 1967 ते 1972 दरम्यान झाली, तिच्या मधोमध हा हंगाम येतो. खरी कसोटी मार्चमध्ये लागली, परक्या बर्फावर.

बोस्टन गार्डनमध्ये पूर्वेकडच्या महाविद्यालयांची ईसीएसी स्पर्धा. उपांत्य सामना हार्वर्डशी. कॉर्नेल 6, हार्वर्ड 5. अंतिम सामना क्लार्कसनशी, न्यूयॉर्क राज्याच्या पार उत्तर टोकाचं कॉलेज. 2-2 अशी बरोबरी, सामना संपायला अगदी थोडे सेकंद उरलेले, आणि जॉन ह्यूजने गोल केला. 3-2. तिथून संघ गेला राष्ट्रीय स्पर्धेला. तेव्हा या स्पर्धेत चारच संघ असत, दोन पूर्वेचे, दोन पश्चिमेचे. उपांत्य फेरीत पुढ्यात होतं विस्कॉन्सिन, पहिल्यांदाच या स्पर्धेत आलेलं. कॉर्नेल 2, विस्कॉन्सिन 1.

हे आकडे पुन्हा ऐका. 6-5, 3-2, 2-1. तीन सामने, प्रत्येक एका गोलने. 29 विजय आणि शून्य पराभव असं कागदावर लिहिलेलं वाचलं की वाटतं, हे अजिंक्य होते, कुणी आसपासही नव्हतं. प्रत्यक्षात शेवटच्या आठवड्यांत एक पक खांबाला लागून आत गेला असता, एक स्टिक अर्धा इंच इकडे-तिकडे झाली असती, तर आज मी तुमच्याशी या संघाबद्दल बोलत नसतो. वर्षभरापूर्वी तोच एक गोल त्यांच्या विरुद्ध गेला होता. या वेळी तीनदा त्यांच्या बाजूने पडला. नशीब? थोडं असेल. पण बरोबरीत असलेल्या सामन्याच्या अखेरच्या क्षणी ज्याच्या पायात त्राण उरलेलं असतं, त्याच्या बाजूने नशीब जरा जास्त वेळा येतं. हार्कनेस शिस्तीसाठी आणि मुलांना तयार करण्यासाठी ओळखले जात. त्या अखेरच्या क्षणांत ती तयारी उपयोगी पडली.

21 मार्च 1970. गाव लेक प्लॅसिड. इथलं बर्फाचं सभागृह 1932 च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी बांधलेलं. समोर पुन्हा क्लार्कसन, बोस्टनमध्ये शेवटच्या क्षणी हातचं विजेतेपद गमावलेलं, म्हणजे दुखावलेलं. दोन टप्पे संपले तेव्हा 3-3.

तिसऱ्या टप्प्यात लोडबोआने तीन गोल केले. एक बचावपटू, राष्ट्रीय अंतिम सामना, शेवटचा टप्पा आणि हॅटट्रिक. त्यातही खास गोष्ट अशी, आणि यासाठीच मी तो दोन मिनिटांचा नियम सांगून ठेवला होता: तीनपैकी एक गोल कॉर्नेलचा गडी बाहेर बसलेला असताना झाला, एक क्लार्कसनचा गडी बाहेर असताना, आणि एक दोन्हीकडे सारखी माणसं असताना. हॉकीत ज्या तीन परिस्थितींत खेळावं लागतं, त्या तिन्हींत त्याने एकेकदा पक जाळ्यात घातला. क्लार्कसनने आणखी एक गोल केला, पण सामना संपला 6-4 वर. लोडबोआ स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. क्रॉपरने त्या दिवशी चार गोल सोडले, पण मला त्याच्याबद्दल तेवढाच अभिमान वाटतो. ड्रायडननंतर जाळ्यात उभं राहायला कुणीतरी तयार व्हावं लागतं.

हा हंगाम संपल्याबरोबर हार्कनेस कॉर्नेल सोडून डेट्रॉइट रेड विंग्जचे प्रशिक्षक झाले. कॉलेजातून थेट व्यावसायिक लीगमध्ये जाणं तेव्हा फार दुर्मीळ होतं. कॉर्नेलमधल्या सात वर्षांत त्यांच्या संघांनी 163 सामने जिंकले आणि फक्त 27 हरले. त्यांच्या जागी कोण यावं? डिक बर्ट्रँड, जो कालपर्यंत याच संघात खेळत होता. तो 1982 पर्यंत प्रशिक्षक राहिला.

लेक प्लॅसिडचं नाव पुढे दहा वर्षांनी जगभर झालं. 1980 च्या ऑलिम्पिकमध्ये कॉलेजच्या मुलांनी भरलेल्या अमेरिकन संघाने बलाढ्य सोव्हिएत संघाला 4-3 ने हरवलं, याच जागेला लागून बांधलेल्या नव्या सभागृहात. त्या सामन्याचं दूरचित्रवाणीवर समालोचन करणाऱ्या दोघांपैकी एक होता केन ड्रायडन.

कॉर्नेलच्या विक्रमाच्या सगळ्यांत जवळ आला तो मेन विद्यापीठाचा संघ, 1992-93 मध्ये. 42 विजय, 2 बरोबरी आणि एकच पराभव, बोस्टन विद्यापीठाकडून, तोही जादा वेळेत. गंमत बघा, त्यांच्याही अंतिम सामन्यात जिम माँटगोमेरीने तिसऱ्या टप्प्यातच हॅटट्रिक करून 4-2 ची पिछाडी भरून काढली आणि सामना 5-4 ने जिंकून दिला.

कॉर्नेलला मात्र 1970 नंतर राष्ट्रीय विजेतेपद मिळालेलं नाही. 2020 मध्ये, त्या हंगामाला बरोबर पन्नास वर्षं होत असताना, कॉर्नेलचा संघ देशाच्या क्रमवारीत पहिला होता. 23 विजय, 2 पराभव, 4 बरोबरी. मार्च उजाडला आणि करोनामुळे स्पर्धाच रद्द झाली. शेवटच्या वर्षाच्या मुलांना खेळायला मिळालंच नाही. 1970 च्या मुलांनी शेवटचा सामना खेळला तरी होता. या मुलांना तीही संधी मिळाली नाही, आणि त्याची मला मनापासून खंत वाटते.

आपल्यापैकी पुष्कळांची मुलं, भाचरं शिक्षणासाठी तिकडे आहेत. त्यांच्यापैकी कुणी इथाकाच्या आसपास असेल आणि तुमचं हिवाळ्यात जाणं झालं, तर लायना रिंकवर एखादा सामना जरूर बघा. अंगात दोन स्वेटर घाला, आत चांगलीच थंडी असते. पाहुण्या संघाची ओळख करून देताना सगळे विद्यार्थी तोंडासमोर वर्तमानपत्र धरतात, तुमच्या हाती एखादं आलं तर तुम्हीही धरा. हार्वर्डविरुद्धच्या सामन्याची तिकिटं लवकर संपतात, ती आधीच काढून ठेवायला सांगा. त्या सामन्यात बर्फावर मासे येऊन पडले तर दचकू नका. 1970 च्या दशकापासून कॉर्नेलचे विद्यार्थी हार्वर्डचं स्वागत असंच करत आले आहेत.

नमस्कार.