साखळीचा काटा आणि आईचा कुकर

[नौपाडा, ठाणे. सकाळचे सात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरची इमारत दिसते.]

सकाळी सात वाजता आमच्या इमारतीत शिट्ट्या सुरू होतात. आधी तळमजल्यावर, मग समोरच्या विंगमध्ये, मग आमच्याकडे. कुणाकडे डाळ लागलीय आणि कुणाकडे बटाटे, ते वासावरून कळतं. आई ओट्याशी उभी राहून कणीक मळत असते, माझ्याशी बोलत असते, आणि तिसरी शिट्टी झाली रे झाली की तिचा हात गॅसच्या बटणाकडे जातो. मोजताना तिला मी कधी पाहिलेलं नाही.

पण या फिल्मची सुरुवात कुकरपासून झाली नाही. ती झाली एका काट्यापासून.

[मोबाइलचा पडदा. जेवणाचा काटा. दांड्याच्या जागी लोंबती साखळी.]

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाचीनं एक फोटो टाकला. जेवायचा काटा, चकचकीत, नेहमीसारखा. फक्त दांडा नाही, त्याच्या जागी साखळी. उचलला की दात खाली लोंबतात. ही कल्पना अथेन्समधल्या वास्तुविशारद कातेरिना कांप्रानी यांची. रोजच्या वापरातली एखादी वस्तू घ्यायची आणि तिच्यात असा एकच बदल करायचा की ती दिसावी तशीच, पण वापरताना जीव नकोसा व्हावा. त्यांच्याच मालिकेत पावसाळी गमबूट आहेत, पुढे बोटांपाशी उघडे. जुलै महिन्यात ठाण्यात राहिलेल्या माणसाला त्या बुटांबद्दल वेगळं काही सांगायला नको.

आम्ही सगळे हसलो. आईनं चष्मा लावला, काटा बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाली, "हिनं काट्याचा फार अभ्यास केलाय गं."

मी तिथेच थांबले. खरंच की! कांप्रानींनी काट्याचे दात तसेच ठेवले, चकाकी तशीच ठेवली. काढून घेतला तो फक्त ताठपणा. काटा काटा असतो तो दातांमुळे, असं आपण धरून चालतो. पण हातातला जोर दातांपर्यंत पोचवायचं काम दांडा करतो, आणि ते काम इतकं मुकाट्यानं चालतं की आपण त्याची कधी दखलच घेतलेली नसते. वस्तू नेमकी बिघडवायची, तर ती आधी नेमकी कळावी लागते.

[ठाणे स्टेशनबाहेरची चहाची टपरी. किटलीतून ग्लासांत चहा ओतला जातोय.]

असं नेमकं बिघडवणारे आधीही होऊन गेले. फ्रेंच चित्रकार जाक कारेलमान यांनी 1969 साली कधीच न सापडणाऱ्या वस्तूंचा एक कॅटलॉग काढला. त्यातली कॉफीची किटली जगभर गाजली. तिची तोटी आणि तिचा कान, दोन्ही एकाच बाजूला. ओतायला जाल तर गरम कॉफी थेट मनगटावर. आता या टपरीवरच्या किटलीकडे पाहा. कान इकडे, तोटी तिकडे. दिवसभरात हे दादा ती किती वेळा तिरकी करत असतील, पण एकदाही त्यांना तिच्याकडे बघावं लागत नाही. नजर गिऱ्हाइकावर आणि धार बरोबर ग्लासात.

जपानमध्ये केंजी कावाकामी यांनी तर या खेळाला नाव दिलं, चिंदोगू. म्हणजे विचित्र साधनं. त्यांचे नियम कडक होते: वस्तू खरोखर बनवलेली हवी, पण खऱ्या वापराची नको, तिचं पेटंट घ्यायचं नाही. बुटांच्या टोकांवर बसवलेल्या इवल्याशा छत्र्या, गोंदाच्या कांडीसारखी फिरवून वर काढायची लोण्याची कांडी. याच बिनकामाच्या वस्तूंच्या संग्रहात 1995 साली एक लांब काठी होती, टोकाला कॅमेरा लावून स्वतःचा फोटो काढायची. तशी काठी त्याआधी 1983 मध्ये मिनोल्टा कंपनीनं आपल्या एका कॅमेऱ्यासोबत आणली होती, आणि ती चालली नव्हती. पुढे तीस वर्षांनी तलावपाळीच्या कट्ट्यावर संध्याकाळी दहा पावलं चाललं, तरी दोन सेल्फी स्टिक चुकवाव्या लागायच्या. काठी बदलली नाही, तिच्या टोकाला लावायचा कॅमेरा बदलला.

[पुन्हा स्वयंपाकघर. जमिनीवर विळी.]

मग मी ठरवलं, हाच खेळ आपल्या घरात खेळायचा. वस्तू घ्यायची, मनातल्या मनात तिची एकच गोष्ट बिघडवायची आणि काय होतं ते बघायचं.

पहिली घेतली विळी. पातं तेच, धार तीच, टोकाची खवणीही तीच. फक्त खालचा पाट काढला. पहिल्या भोपळ्यालाच विळी आडवी! म्हणजे भोपळा चिरतं कोण? आई पाटावर पाय दाबून बसते आणि विळी रोवली जाते. सुरीनं चिरताना एक हात सुरीत गुंततो. इथे पातं जागचं हलत नाही, भाजीच पात्याकडे जाते, म्हणून दोन्ही हात भाजीला मोकळे. नारळ खवताना तर हे फारच जाणवतं. वाटी दोन्ही हातांनी धरून गोल फिरवायची असते, तिसरा हात आणायचा कुठून? तो पायानं दिलाय.

आईचं काम झालं की पातं मिटतं. "विळी उभी ठेवू नकोस," हे मी आयुष्यात किती वेळा ऐकलंय! ते बिजागर कुणाला सुचलं, याची नोंद कुठे नाही. 1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर जोडप्यानं भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात साध्या लोट्याबद्दल त्यांनी फार बारकाईनं लिहिलं. तो कमरेवर कसा बसतो, भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, आतून घासायला हात जातो का. आणि हा लोटा एका कुणाची निर्मिती नाही, पिढ्यान्‌पिढ्या घडत आलाय, असंही त्यांनी म्हटलं. त्याच अहवालातून पुढे 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

[कुकरचं झाकण अगदी जवळून. आईचे हात.]

आता कुकर. इथे मला जरा थांबायचंय, कारण हा आमच्या ठाण्याचा आहे. वागळे इस्टेटमध्ये हॉकिन्सचा कारखाना आहे. कंपनी सुरू झाली 1959 साली.

हात बघा आईचे. झाकण वरून ठेवत नाही ती. आधी तिरकं करते, तोंडातून आत सोडते, आत गेल्यावर सरळ करते आणि मग वर ओढून दांड्याला दांडा अडकवते. झाकण भांड्याच्या आत आहे. काठाला ते खालून टेकलंय, मध्ये रबरी रिंग. झाकण आत जाऊ शकतं ते तोंड अगदी गोल नाही म्हणून. किंचित लांबट आहे, तिरकं धरल्यावरच वाट देतं.

आता गॅस लावू. वाफ कोंडते, दाब वाढतो. बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा, दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो. या दाबाला पाणी 100 नाही, 120 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून तूरडाळ एवढ्या लवकर शिजते. पण त्या एका किलोचा हिशेब झाकणाला लावून पाहा. झाकण सतरा सेंटीमीटर रुंद धरलं, तर त्याचं क्षेत्रफळ सव्वादोनशे चौरस सेंटीमीटर. म्हणजे आतून वर रेटणारा जोर सव्वादोनशे किलो. तीन धडधाकट माणसं खालून झाकण ढकलताहेत, असं समजा.

आणि ही तीन माणसं करताहेत काय? झाकण काठाला आणखी घट्ट दाबून धरताहेत. कुकर उघडायचा तर झाकण आधी खाली, आत ढकलावं लागतं. दाब असेपर्यंत ते कुणाच्या बापाला जमणार नाही. ज्याची भीती, त्यालाच राखणीला बसवलंय. घाईत असलेली सूनबाई असो, शाळेतून आलेलं भुकेलं पोर असो, कुकर त्यांना बजावत नाही, रागावत नाही. तो फक्त उघडत नाही.

बाहेरून बसणाऱ्या झाकणाचे कुकरही असतात आणि तेही सुरक्षित असतात. पण तिथे झाकण धरून ठेवायला वेगळ्या पकडी लागतात. इथे ते काम वाफच करते. 1679 साली देनी पापँ या फ्रेंच संशोधकानं वाफेच्या भांड्यात हाडं मऊ शिजवून दाखवली, तेव्हापासून प्रश्न एकच होता: कोंडलेल्या वाफेला आवरायचं कसं? पापँनं वजन टांगलेली झडप बसवली. आपली शिट्टी त्याच झडपेची नात. छोट्या भोकावर ठेवलेलं एक वजन. दाब त्याला उचलण्याइतका झाला की वाफ सुटते, ओरडते, वजन परत बसतं. भोक डाळीच्या फेसानं बुजलंच, तर झाकणावरची दुसरी सुरक्षा झडप वितळून वाट करून देते.

[एका कार्यालयाचं काचेचं दार. माणसं ओढतात, मग ढकलतात.]

बाहेर पडलं की मात्र जीव कळवळतो. गेल्या वर्षी आईला एका कार्यालयात कागद द्यायला घेऊन गेले. काचेच्या दाराला दोन्ही बाजूंनी सारखाच उभा दांडा. दांडा दिसला की हात ओढणारच. आईनं ओढलं, पुन्हा ओढलं, आणि मागे रांगेत उभ्या माणसांकडे वळून म्हणाली, "मला येत नाहीये हो." तिला येत नाहीये? सत्तर वर्षांची ही बाई रोज सव्वादोनशे किलोची वाफ हाताळते! ढकलायच्या बाजूला दांड्याऐवजी सपाट पट्टी लावली असती, तर प्रश्नच नव्हता. अशा दारांना डिझाइनच्या जगात अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांचं नाव पडलंय, नॉर्मन दारं. त्यांनी 1988 मध्येच लिहून ठेवलं की अशा वेळी चूक माणसाची नसते.

[बेलापूर मेट्रो स्थानक. पिवळ्या फरशा, त्यांवरून चालणारे पाय.]

ठाण्याहून पनवेल लोकल पकडून बेलापूरला आले. इथून पेंधरपर्यंतची मेट्रो 17 नोव्हेंबर 2023 ला सुरू झाली. स्थानकातल्या या पिवळ्या फरशा बघा. लांब पट्ट्या म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, इथे वळण किंवा कड आहे. दोनच अक्षरांची लिपी, अंधांनी तळपायांनी वाचायची. जपानमधल्या सेइइची मियाके यांनी 1965 साली अशी फरशी घडवली आणि 18 मार्च 1967 ला ओकायामा शहरात, अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसली. एका फुटपाथवर मी याच पट्ट्या सरळ विजेच्या खांबात शिरताना पाहिल्यात. ज्यानं त्या बसवल्या, त्याला त्या शोभेच्या वाटल्या असणार.

[आर्टिस्ट व्हिलेज, बेलापूर. घरांमधलं छोटं अंगण. मुलांचा क्रिकेटचा डाव.]

आणि हे आर्टिस्ट व्हिलेज. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात रचलेली घरांची वसाहत. सात घरांच्या मधोमध एक अंगण, आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. अशी तीन अंगणं मिळून एक मोठं अंगण. खेळ इथेही खेळून पाहू: बिघडवायचं काय? दोन घरांमध्ये एक सामायिक भिंत घालू. विटा वाचतील, पैसे वाचतील. पण मग शेजारच्यानं मजला चढवायचा म्हटला की तडा आपल्या भिंतीला, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं भांडण. कोरियांनी एकही भिंत सामायिक ठेवली नाही. ज्याचं घर त्यानं वाढवावं, हातात पैसे येतील तसं. आज बहुतेक घरं ओळखू येणार नाहीत इतकी बदललीत. कुणी मजला चढवला, कुणी जिना बाहेर काढला. एखाद्याचं उतरतं कौलारू छप्पर अजून तसंच आहे. काही जणांना याची हळहळ वाटते. मला नाही वाटत. घर वाढावं म्हणूनच तर ही फट सोडली होती.

[नौपाडा. रात्र. भाची जमिनीवर पालथी पडून चित्र काढतेय.]

भाचीला सांगितलं, तूही एक वस्तू बिघडव. तिनं कुकर घेतला. झाकण वर ठेवलं, टोपीसारखं, आणि सुतळीनं बांधलं. आजीला नेऊन दाखवलं.

"उडेल," आजी म्हणाली.

"मग सुतळी जाड करते."

"कर."

तिनं जाड केली. मग दुहेरी केली. मग साखळी काढली. मग बराच वेळ पेन्सिल दातांत धरून बसली, उठून ओट्यापाशी गेली, थंड झालेल्या कुकरचा दांडा सोडवला आणि झाकण टपकन आत पडलं. तिनं ते वर ओढलं, सोडलं. पुन्हा ओढलं.

"आजी, हे उलटं बसलंय."