स्लॅब पडल्यावर आलेला डायरेक्टर

नमस्कार श्रोतेहो. मे महिन्यातली आपल्या नागपूरची दुपार. कूलरची खस भिजलेली, पडदे ओढलेले, आणि घरातली पोरं गेम घेऊन बसलेली. अशा दुपारी एक तक्रार हमखास कानावर येते: "पहिला पार्ट भारी होता, दुसऱ्यात मजा नाही." चित्रं जास्त सुंदर, नकाशा दुप्पट मोठा, नायकही तोच. मग मजा गेली कुठे? आज याच प्रश्नावर बोलायचं आहे.

उत्तर पुष्कळदा गेम संपल्यावर पडद्यावर सरकत जाणाऱ्या नावांमध्ये असतं. पहिल्या भागाचा डायरेक्टर दुसऱ्या भागाला नसतो. ती नावं येऊ लागली की आपण बटण दाबून पुढे जातो, हे मला मुळीच पटत नाही. सिनेमाचा दिग्दर्शक कोण, हे आपण तिकीट काढण्याआधी विचारतो. गेमच्या डब्यावर मात्र कंपनीचं नाव ठसठशीत असतं, आणि डायरेक्टरचं नाव बहुतेक वेळा नसतंच. ते असायला हवं.

आता हा डायरेक्टर करतो काय? कोड लिहिणारे वेगळे, चित्रं काढणारे वेगळे. डायरेक्टर अर्धवट तयार झालेला गेम पुन्हा पुन्हा खेळतो आणि ठरवतो. तलवारीचा वार सुरू झाल्यावर किती वेळानं बाजूला उडी मारता यावी? शत्रूला गोळी लागली तर त्यानं थबकावं की चालतच यावं? मेल्यावर खेळणाऱ्याला किती मागे पाठवावं? आणि यातले निम्मे निर्णय "नको" असे असतात. हा शत्रू नको, ही बंदूक एवढी जोरदार नको, हा रस्ता नको.

हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. काय ठेवलं ते गेममध्ये दिसतं. काय टाळलं आणि का टाळलं, ते डायरेक्टरच्या डोक्यात असतं. तो गेला की चित्रं मागे राहतात, कोड मागे राहतो, पात्रं मागे राहतात. "नको"मागची कारणं मात्र त्याच्याबरोबर जातात.

सावजी मसाल्याचं तसंच आहे. जिन्नस सगळ्यांना ठाऊक, पण खसखस आणि खोबरं किती वेळ भाजायचं आणि कुठे थांबायचं, ते त्या हाताला कळतं.   

असो. आता मुख्य गोष्ट, आणि ती मी सविस्तर सांगणार आहे. डेव्हिल मे क्राय या गेमची.

पहिला डेव्हिल मे क्राय ऑगस्ट २००१ मध्ये जपानात आला, प्लेस्टेशन २ वर. कंपनी कॅपकॉम, डायरेक्टर हिदेकी कामिया. मुळात हा गेम रेसिडेंट ईव्हिल या भीतीदायक गेम मालिकेचा चौथा भाग म्हणून सुरू झाला होता. भयपटाच्या वळणाचा न राहिल्यामुळे तो स्वतंत्र नावानं काढला. यातली सगळ्यात लाडकी करामत म्हणजे शत्रूला तलवारीनं हवेत उडवायचं आणि खाली पडू द्यायचं नाही, वरच्या वर गोळ्या मारत राहायचं. ती आली एका बिघाडातून. कॅपकॉमच्याच ओनिमुशा या गेमची चाचणी चालू असताना असं आढळलं की वार करत राहिलं तर शत्रू हवेत लटकून राहतो. दुसऱ्या कोणी तो बिघाड दुरुस्त करून विषय संपवला असता. कामियानं त्याच्यावर अख्खा गेम उभा केला.

पण बघा, हवेतला हा खेळ रंगतो केव्हा? बंदूक कमजोर असते तेव्हा. बंदुकीनं शत्रू हवेत टिकवायचा आणि तलवारीनं संपवायचा. बंदुकीनंच तो मेला तर जवळ जायचं कशाला? पहिल्या भागात बंदूक मुद्दाम कमजोर आहे. हे झालं डायरेक्टरचं एक "नको". ते कुठे लिहिलेलं दिसत नाही, हाताला जाणवतं.

गेम तुफान चालला. कॅपकॉमनं दुसरा भाग काढायचं ठरवलं आणि काम कामियाकडे न देता कंपनीतल्याच दुसऱ्या टीमकडे दिलं. कामियाला त्या निर्णयात विचारलंही नव्हतं. त्या टीमवर जो डायरेक्टर नेमला, त्याचं नाव कॅपकॉमनं कधीच जाहीर केलं नाही. काम रुळावरून घसरलं. आणि शेवटचे काही महिने उरले असताना हिदेआकी इत्सुनो यांना बोलावलं, की आता हे तुम्ही पूर्ण करा. इत्सुनो तोवर फायटिंग गेमचे डायरेक्टर म्हणून ओळखले जात. रायव्हल स्कूल्स, पॉवर स्टोन, कॅपकॉम व्हर्सेस एसएनके २ हे त्यांचे गेम.

आता हे जरा घराच्या बांधकामासारखं बघू. बेसा किंवा मनीषनगरला घर बांधताना स्लॅब पडल्यावर ठेकेदार बदलला, तर नव्याच्या हातात काय राहतं? फरशी, रंग, नळ, दिवे. कॉलम कुठे घ्यायचे ते होऊन गेलेलं असतं. गेमचंही तसंच असतं. शेवटच्या महिन्यांत आकडे बदलता येतात, म्हणजे कोणाला किती इजा होते, कोणाचं आयुष्य किती, कोण किती वेगानं धावतो. शत्रू इकडचे तिकडे करता येतात. पात्रांच्या हालचाली नव्यानं करायच्या तर प्रत्येक वार पुन्हा घडवायचा, त्याच्याशी कॅमेरा जुळवायचा, पुन्हा तपासायचा, आणि तेवढे दिवस नसतात. लेव्हलचा, म्हणजे खेळायच्या एकेका टप्प्याचा, सांगाडा तर हलवताच येत नाही, कारण शत्रू, दारं, कॅमेरे, प्रकाश सगळं त्याला बांधलेलं असतं. आवाजाचं रेकॉर्डिंग होऊन गेलेलं असतं. आणि डिस्क छापायला जाण्याआधी कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, बनवणाऱ्या कंपनीची तपासणी असते, तिचे दिवस वेगळे काढून ठेवावे लागतात. पुन्हा सांगते: आकडे हलतात, सांगाडा हलत नाही.

जानेवारी २००३ मध्ये डेव्हिल मे क्राय २ बाजारात आला. दोन डिस्कचा, एक दान्ते या मूळ नायकाची आणि एक ल्युसिया या नव्या नायिकेची. जागा ऐसपैस, शहरं, रस्ते, पण बऱ्याचशा रिकाम्या. पहिल्या भागात तोंड बंद न ठेवणारा दान्ते इथे गप्प. तलवारी तीन, रिबेलियन, व्हेंडेटा आणि मर्सिलेस, पण त्यांचे वार जवळजवळ सारखेच, फरक लांबीचा आणि ताकदीचा. आणि बंदूक जोरदार.

या बंदुकीनं काय झालं ते जवळून बघा. या गेममध्ये एक बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणारा मोठा शत्रू, आहे: भुतानं झपाटलेलं हेलिकॉप्टर. कल्पना झकास आहे. ते हवेत, आपण खाली. तलवार पोचायची कशी? मग खेळणारा काय करतो, दूर उभा राहतो आणि गोळीचं बटण दाबत राहतो. दाबतो, दाबतो, मधेच बाजूला उडी मारतो, पुन्हा दाबतो. हेलिकॉप्टर पडतं. खेळणाऱ्याला कळतं की असं जमतं. मग पुढच्या बॉसलाही तो तेच करतो, आणि पुढच्याही. गेममध्ये शिकण्यासारखं पुष्कळ असलं तरी तो काहीच शिकत नाही, कारण शिकायची गरजच उरत नाही. लोक म्हणाले, गेम फार सोपा झाला. मला ते निदान अपुरं वाटतं. शत्रूंचं आयुष्य वाढवून गेम अवघड करता आला असता, पण मग तेच एक बटण जास्त वेळ दाबावं लागलं असतं. बंदूक जोरदार झाली म्हणून तलवार निरुपयोगी झाली, आणि तलवार निरुपयोगी झाली म्हणून हवेतला खेळ गेला. एक "नको" विसरलं गेलं, आणि त्याच्यावर टेकलेलं सगळं कोसळलं.

गेमच्या नावांच्या यादीत डायरेक्टर म्हणून एकच नाव लागलं, इत्सुनो यांचं. स्लॅब दुसऱ्यानं टाकलेला आणि दारावर पाटी यांची.

इथे दुसरा कोणी असता तर त्या मालिकेपासून लांब झाला असता. इत्सुनोंनी तिसरा भाग स्वतःहून मागून घेतला, पहिल्या दिवसापासून. आणि त्यांनी कथा मागे नेली, तरुण दान्तेची, पहिल्या भागाच्याही आधीची. त्यामुळे दुसऱ्या भागातल्या गप्प दान्तेशी जुळवून घ्यायची गरजच राहिली नाही. २००५ मध्ये तिसरा भाग आला. शस्त्रं पाच, प्रत्येकाची चाल निराळी: एक तलवार, एक तीन दांड्यांचं नानचाकू, बोलणाऱ्या तलवारींची जोडी, एक गिटार, एक हातापायांवर चढवायचं. आणि लढायच्या चार शैली, ज्यातली एक आधी निवडायची. पुढे त्यात आणखी दोन मिळतात. फायटिंग गेम खेळणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल, कारण कॅपकॉम व्हर्सेस एसएनके २ मध्येही लढत सुरू होण्याआधी सहांपैकी एक पद्धत निवडायची असते. माझ्या मते हा तोच हात आहे. डायरेक्टर बदलला की त्याचे जुने गेम नव्या गेममध्ये असे उतरतात. बंदुकीचीही एक शैली झाली. ज्याला बंदूक आवडते त्यानं ती निवडावी, बाकीच्यांची तलवार शाबूत.

तिसऱ्या भागातही चूक झालीच, उलट्या दिशेची. अमेरिकेत तो विकताना जपानी आवृत्तीतली "हार्ड" पातळी तिकडे "नॉर्मल" म्हणून दिली. पुष्कळजण सुरुवातीलाच अडकले. २००६ च्या विशेष आवृत्तीत ते आकडे पुन्हा सैल करावे लागले. आकडे होते म्हणून सैल करता आले, एवढं ध्यानात घ्या.

आता दुसरं उदाहरण, थोडक्यात. डार्क सोल्स. पहिला भाग २०११ चा, डायरेक्टर हिदेताका मियाझाकी. दुसरा २०१४ चा. मियाझाकी तेव्हा ब्लडबोर्न या दुसऱ्या गेमवर होते, म्हणून डायरेक्टर झाले तोमोहिरो शिबुया आणि युई तानिमुरा. काम अर्ध्यावर असताना सगळ्या गेमचा नव्यानं विचार करावा लागला, आणि तयार असलेले नकाशे वेगळ्या प्रकारे वापरावे लागले, असं तानिमुरा यांनी पुढे सांगितलं. त्या गेममध्ये अर्दन पीक नावाची पवनचक्की आहे. तिला मशालीनं आग लावली की आतलं विषाचं तळं ओसरतं, मग तिथल्या राणीला हरवायचं. राणीच्या मागे लिफ्ट आहे. लिफ्ट वर जाते, वर जाते, दार उघडतं, आणि समोर पेटत्या लाव्हारसाच्या तळ्यात लोखंडी किल्ला. पवनचक्की बाहेरून बघा, वर मोकळं आकाश आहे. पहिल्या भागात उंचावरून खाली दिसणारी जागा पुढे खरोखर पायाखाली यायची. म्हणून या एका लिफ्टनं लोक आजही अस्वस्थ होतात. दोन खोल्या वेगवेगळ्या नकाशांतून आणून जिन्यानं जोडल्यासारखं ते वाटतं.

तरीही तानिमुरांच्या त्या गेममध्ये दोन्ही हातांत दोन शस्त्रं घेऊन एकत्र वार करायची पद्धत होती. तिसऱ्या भागात ती नव्हती. २०२२ च्या एल्डन रिंगमध्ये ती परत आली, आणि त्या गेमचे डायरेक्टर मियाझाकी आणि तानिमुरा, दोघंही.

आता घरी करून बघायचा प्रयोग. डेव्हिल मे क्रायचे पहिले तीन भाग एकाच संचात मिळतात, साध्या कॉम्प्युटरवरही चालतात. पहिल्या भागात एक साधा शत्रू फक्त बंदुकीनं मारा, सेकंद मोजा. मग तसाच शत्रू फक्त तलवारीनं. हेच दुसऱ्या भागात करा. चार आकडे कागदावर शेजारी लिहा.

याहून बारीक बघायचं असेल तर फोनच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० चित्रांवर, पडदा आणि अंगठा दोन्ही दिसतील असं शूटिंग करा. गेम सेकंदाला ६० चित्रांचा असेल तर त्याच्या एका चित्रामागे तुमची चार येतात. कॉम्प्युटरवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये व्हिडिओ लावून "ई"चं बटण दाबलं की एकेक चित्र पुढे सरकतं. तलवारीचा वार करून लगेच बाजूला उडीचं बटण दाबा, आणि वार सुरू झाल्यापासून उडी सुरू होईपर्यंतची चित्रं मोजा. २४ आली तर सेकंदाचा दहावा भाग. पाचदा करा, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा सोडून द्या. टीव्ही गेम मोडवर ठेवा, नाहीतर टीव्हीचाच उशीर त्यात मिसळतो. आणि दिवसाच्या उजेडात करा, कारण काही एलईडी बल्बखाली स्लो मोशन लुकलुकतं आणि मोजणी चुकते.

दुसरा भाग मात्र पुरता टाकून देऊ नका. मजल्यामागून मजला लढत जायचं ब्लडी पॅलेस त्याच भागात पहिल्यांदा आलं, आणि पुढच्या भागांत टिकलं. दान्तेची रिबेलियन तलवारही तिथलीच. इत्सुनोंनी ती तिसऱ्या भागात दान्तेच्या हातात दिली, चौथ्यातही ठेवली. आणि २०१९ च्या पाचव्या भागात, दुसऱ्या भागानंतर १६ वर्षांनी, त्याच डायरेक्टरच्या गेममध्ये ती तुटते. दान्ते ती तुटलेली तलवार स्वतःच्या छातीत खुपसतो, आणि तिच्यातून त्याची नवी तलवार तयार होते. नमस्कार.