म्हशीची धार आणि सुनेचे दिवस

नमस्कार, श्रोतेहो. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पाऊस धरला की ओढे फुगतात आणि १०८ची गाडी डांबरी संपते तिथंच थांबते. म्हणून दिवस भरत आले की आशाताई गरोदर बाईला आधीच खाली खानापुरात, नातलगाकडं हलवायला बघतात.

अशाच एका धनगरवाड्यावर एक आशाताई गेली. सासूबाई म्हणाल्या, "सून जाईल गं, पण म्हशीची धार कोण काढणार? ती दुसऱ्या कुणाला शिवू देत नाही." घरात दुधाशिवाय दुसरा पैसा नाही. ताई म्हणाली, "आणा चरवी, मी काढते." बसली. म्हशीनं अशी लाथ झाडली की चरवी एकीकडं, ताई शेणात! सासूबाई पदराआड हसायला लागल्या. शेवटी सूनच म्हणाली, "ताई, माझी नेसती साडी नेसा." ताईनं नेसली, डोक्यावरून पदर घेतला, कासेला पाणी लावलं. म्हशीनं हुंगलं आणि सोडला की पान्हा! दुसऱ्या दिवशी तीच साडी नेसून सासूबाई धारेला बसल्या, सून खाली उतरली. पोरगी झाली. बाळ-बाळंतीण धडधाकट.

तपासणी फुकट आहे, पण वाड्यावरून उतरायचं तर रोजगार बुडतो. ऊसतोडीच्या टोळीतल्या बाईचंही तेच. तिचं तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या तपासण्यांची नोंद असलेलं सरकारी कार्ड, गावाकडं पेटीत आणि ती इकडं फडात. २०१८–२० चे सरकारी आकडे ऐका: लाख जिवंत जन्मांमागं मातामृत्यू कर्नाटकात ६९, सीमेपलीकडं महाराष्ट्रात ३३, केरळात १९. आणि ही सरासरी, बरं का! शहरातली शिकलेली बाई आणि वाड्यावरची बाई तिच्यात एकाच मापानं मोजलेल्या. दुकानाची पाटी मराठीत की कन्नडमध्ये, यावरून आपण किती भांडतो! कार्डावरचं कन्नड वाड्यावरच्या बाईला कळतं का, हे कुणी विचारत नाही. आणि डोहाळजेवणाला डीजे लावणाऱ्यांनी सुनेचं रक्त कधी तपासलंय?

रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, अकराच्या खाली म्हणजे कमी. सातच्या खाली म्हणजे थेट मोठा दवाखाना. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर नकोत, पुन्हा सांगते, चहाबरोबर नकोत, लिंबूपाण्याबरोबर घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांना डॉक्टर मोफत तपासतात. नऊ तारीख. कार्ड बरोबर न्या, वाचता येत नसेल तर सिस्टरकडून वाचून घ्या, आणि त्या दिवशी धार कुणी काढायची ते घरात आदल्या रात्रीच ठरवा.