आधी फुस्स, मग चहा

नमस्कार श्रोतेहो. आमच्या नागपूरच्या लकडगंजात सकाळी आरामशीन सुरू झाली की तिच्या मागोमाग आणखी एक आवाज येतो, फट्, फट्. ती खिळ्यांची गन, कंप्रेसरच्या हवेच्या दाबानं खिळा ठोकणारी. पूर्वी मिस्त्रीच्या ओठांत चार खिळे अन् हातात हातोडी असायची. आता कपाटभर बीडिंग, म्हणजे कडेच्या बारीक पट्ट्या, चहा निवायच्या आत होते. सुतारकामात मला ३० वर्षं झाली, तरी या गनला मी अजून जरा भितोच.

हातोडी चुकली तर नख काळं पडतं, बस. गनचा खिळा लाकडातल्या गाठीवर आपटला की वळतो अन् बाजूनं बाहेर निघतो. एकदा सागाची पट्टी डाव्या हातानं धरली होती, गनपासून जेमतेम चार बोटांवर. ३० मिलिमीटरचा ब्रॅड, म्हणजे बारीक खिळा, वळला तो थेट तर्जनीत. आधी दुखलंच नाही. पट्टी सोडायला गेलो तर बोट सुटेना! तेव्हापासून धरणारा हात फूटभर लांब. पट्टी लहान असेल तर क्लॅम्प लावायचा.

असा खिळा घुसला तर स्वतः उपसू नका, बरं का. मेयो हॉस्पिटलात जा, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात जा, पण एक्स-रे काढून घ्या. हाडाला, सांध्याला लागलंय का, ते वरून दिसत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारा.

गनच्या तोंडाशी स्प्रिंगवरचं नाक असतं. ते लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटत नाही. काही पोरं काम भराभर व्हावं म्हणून ते तारेनं बांधून टाकतात. मग ती गन राहत नाही भाऊ, गावठी कट्टा होतो.

ट्रिगरही दोन तऱ्हेचे. एकात बोट दाबून ठेवायचं अन् नाक टेकवत जायचं. धक्क्यानं गन उसळून परत टेकली की नको तिथं दुसरा खिळा! दुसऱ्यात आधी नाक टेकवायचं, मग दर खिळ्याला ट्रिगर दाबायचा. अमेरिकेत सुतारांच्या पाहणीत पहिल्या तऱ्हेनं इजेचा धोका जवळपास दुप्पट आढळला. घेताना दुसरीच मागा.

डोळे वाचवायला घालतो त्या चष्म्यात घाम उतरतो, मान्य आहे. मे महिन्यात ४५ डिग्रीत दुसरं काय होणार? पुसा अन् परत घाला, डोक्यावर चढवू नका.

खिळा अडकला तर कंप्रेसर बंद करून भागत नाही, टाकीत अन् पाइपात हवा असतेच. आधी गनचा पाइप काढायचा. आमच्या दुकानात चहाची हाक आली की पहिल्यांदा पाइप सुटल्याचा आवाज येतो, फुस्स. मग कप.