स्वादुपिंडात असलेली, पण स्वादुपिंडाची नसलेली गाठ

स्वादुपिंडात गाठ आहे म्हटलं की घरच्यांचा धीरच सुटतो. त्यात नवल नाही. स्वादुपिंडाचा नेहमीचा कर्करोग फार वाईट. निदानानंतर पाच वर्षांनी शंभरातले जेमतेम दहा-बारा रुग्ण हयात असतात. पण मी आज ज्या गाठीबद्दल बोलणार आहे ती मूत्रपिंडातून तिथं पोचलेली असते, आणि तिचा स्वभाव अगदी वेगळा असतो. हे वेळेवर कुणी सांगितलं नाही, तर माणसं उगाच खचतात.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. चौदा वर्षांपूर्वी कर्करोगामुळे डावं मूत्रपिंड काढलेलं. त्यानंतर सगळं ठणठणीत, जुनी फाइल कुठं ठेवली तेही आठवत नव्हतं. पोटाच्या भलत्याच तक्रारीसाठी सीटी स्कॅन झाला आणि स्वादुपिंडाच्या शेपटीत, म्हणजे डावीकडच्या निमुळत्या टोकात, दोन गाठी दिसल्या. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, चौदा वर्षं हा कुठं दडून बसला होता?" या प्रश्नाचं पुरतं उत्तर कुणाकडेच नाही. पण या आजारात दहा वर्षांचं अंतर ही नेहमीची गोष्ट आहे, वीस वर्षांनी उगवलेल्या गाठीही नोंदवलेल्या आहेत.

स्कॅनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण चूक बहुधा तिथंच होते. मूत्रपिंडाच्या क्लिअर सेल या नेहमीच्या प्रकारच्या कर्करोगात व्हीएचएल नावाचं जनुक बिघडलेलं असतं. त्यामुळे पेशींना सतत वाटतं की प्राणवायू कमी पडतोय, आणि त्या नव्या रक्तवाहिन्या ओढून घेत राहतात. स्वादुपिंडात जाऊन बसल्या तरी ही खोड सुटत नाही. स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून जे औषध देतात, ते धमन्यांत असतानाच, म्हणजे पहिल्या अर्ध्या-पाऊण मिनिटात, फोटो घेतला तर गाठ दिव्यासारखी उजळून दिसते. तोच फोटो आणखी अर्ध्या मिनिटानं घेतला, तर ती आजूबाजूच्या भागात मिसळून जाते. म्हणून स्कॅनच्या चिठ्ठीवर 'पूर्वी मूत्रपिंडाचा कर्करोग' एवढं लिहायला विसरू नका.

स्वादुपिंडातल्या न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या, गाठीही अशाच उजळतात. शंका असेल तर तोंडातून दुर्बीण घालून सोनोग्राफीच्या मदतीनं सुईनं तुकडा घ्यावा.

आता शस्त्रक्रिया. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात, म्हणजे उजवीकडच्या रुंद भागात, असेल तर व्हिपल, म्हणजे ते डोकं, ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग), पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग काढून पुन्हा सगळी जोडणी करणं. शेपटीत असेल तर शेपटी काढायची. जमल्यास प्लीहा वाचवायची, नाहीतर न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकस या जंतूंच्या लसी आधी देऊन ठेवायच्या, कारण प्लीहा नसली की ते जास्त घातक ठरतात. या आजारात लसिका ग्रंथींमध्ये पेशी क्वचितच जातात, त्यामुळे त्या खरवडून काढण्याचा अट्टहास नको. गाठ नुसती सोलून काढली तर स्वादुपिंड वाचतं, पण ती तिथंच परतण्याची भीती वाढते.

एक अडचण मात्र फक्त टेबलावर कळते. नेहमीच्या कर्करोगात स्वादुपिंड घट्ट झालेलं असतं, त्यातली रस वाहून नेणारी नळी फुगलेली असते, जोडणीचा टाका छान बसतो. इथं बाकीचं स्वादुपिंड निरोगी, म्हणून मऊ. नळी दोन-तीन मिलिमीटरची. दोरा जरा जास्त ओढला की लोण्यातून जावा तसा कापत जातो. म्हणून ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ड्रेनमधल्या, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीतल्या, पाण्यातलं अमायलेज हे स्वादुपिंडाचं पाचकद्रव्य तपासेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. ते वाढलेलं असलं तर रस झिरपतोय. बहुतेकदा ड्रेन तसाच ठेवून धीर धरला की बरं होतं, पण रस साठून राहिला, त्यात जंतू शिरले, तर जिवावर बेतू शकतं.

सगळीकडे गाठी असतील तर पूर्ण स्वादुपिंड काढता येतं. त्याची किंमत म्हणजे आयुष्यभर इन्सुलिन, आणि प्रत्येक जेवणाबरोबर पाचकरसाच्या गोळ्या. साखर एकदम खाली घसरते तेव्हा घरात सोबतीला कुणी आहे का, हे मी आधी विचारतो. एकट्या राहणाऱ्या वयस्क माणसावर हे ऑपरेशन करायला माझा हात धजत नाही.

शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण पाच वर्षांनी हयात असतात. हा आकडा मी आनंदानं सांगतो, पण त्याबरोबर हेही सांगतो की ऑपरेशनला आपण तब्येतीनं धडधाकट आणि गाठी मोजक्या असलेलेच रुग्ण निवडतो. शिवाय 2006 पासून सुनिटिनिबसारखी, रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी औषधं आली, आणि स्वादुपिंडात गेलेला हा आजार त्यांना चांगली दाद देतो. म्हणजे चांगल्या निकालाचं सगळं श्रेय सुरीला देता येत नाही. आजाराचा संथ स्वभावही त्यात आहे. त्याच संथपणामुळे तीन महिने थांबून, पुन्हा स्कॅन करून, गाठ किती वेगानं वाढतेय आणि दुसरीकडे काही उगवतंय का, हे पाहायला सवड मिळते.

त्या बाईंच्या बाबतीत आम्ही तसंच केलं. तीन महिन्यांत एक गाठ किंचित वाढली, नवीन काही आलं नाही. मग शेपटी काढली. काढण्याआधी पोट उघडं असतानाच सोनोग्राफीचा प्रोब उरलेल्या भागावरून फिरवून पाहिला, कारण स्कॅनला न दिसलेली एखादी छोटी गाठ तिथं सापडू शकते. सापडली नाही. त्यांचा स्कॅन आजही होतो, आणि चिठ्ठीवरची ती ओळ त्या स्वतः वाचून खात्री करून घेतात.