जागा नसताना उभा उतार कसा धरावा

श्रोतेहो, नमस्कार. सहा मीटर खोल खोदायचंय आणि हद्द अगदी लागून आहे. उभ्या एक मीटरला आडवा दीड मीटर असा ढाळ द्यायचा तर मागे नऊ मीटर मोकळी जागा हवी. ती कुठून आणणार? मग माती हलवायची नाही, तिला जागच्या जागी सळयांनी शिवून घ्यायचं. यालाच सॉइल नेलिंग म्हणतात.

पण आधी माती पाहा. एक ते दीड मीटर उंचीचा कट आधाराविना निदान दिवसभर उभा राहतो का, हे छोटा तुकडा खोदून तपासा. कोरडी सुटी वाळू किंवा पाझरणारं पाणी असेल, तर हा मार्ग सोडलेला बरा.

काम वरून खाली चालतं. एका टप्प्याएवढंच खोदायचं आणि 100 ते 150 मिलिमीटर व्यासाची भोकं 10 ते 15 अंश खाली झुकवून पाडायची. सळया साधारण 25 मिलिमीटरच्या, दीड-दीड मीटरवर. लांबी उंचीच्या सुमारे 0.7 पट, म्हणजे इथे सव्वाचार मीटरच्या आसपास. हे झाले ढोबळ आकडे. नेमके आकडे माती तपासून अभियंताच देईल. आणि या सळया शेजाऱ्याच्या जमिनीखाली जाणार, तेव्हा त्याची लेखी परवानगी आणि तिथल्या पाइपांचा नकाशा आधी हातात हवा.

सळई भोकाच्या मधोमध राहावी म्हणून दर दोन मीटरला स्पेसर लावतात. ते लावायचे राहिले की सळई तळाला टेकते, एका बाजूला ग्राउट, म्हणजे भोकात भरायचा सिमेंट-पाण्याचा घोळ, मिळतच नाही आणि तिथूनच गंज धरतो. 50 किलो सिमेंटला पाणी 20 ते 25 लिटर. पंप अडकतो म्हणून कामगार हळूच पाणी वाढवतात, तिथे लक्ष ठेवा. नळी भोकाच्या तळापर्यंत घालून ग्राउट खालून वर भरायचा. तोंडाकडून ओतला तर आत हवा कोंडते आणि पकड जाते. त्यानंतर उभ्या कटावर जाळी, 100 मिलिमीटर शॉटक्रीट, म्हणजे फवारून बसवलेलं काँक्रीट, आणि ते ओलं असतानाच सळईच्या तोंडावर प्लेट दाबून बसवायची.

घात होतो तो पुढच्या टप्प्याच्या घाईने. ग्राउट आणि शॉटक्रीटला सहसा तीन दिवस द्यावे लागतात.

दुसरा शत्रू पाणी. शॉटक्रीटमागे निचऱ्याच्या उभ्या पट्ट्या असतात. प्रत्येक टप्प्याची पट्टी वरच्या पट्टीला जोडलेली आणि सर्वांत खाली बाहेर काढलेली हवी. एक जोड सुटला तरी पाणी तुंबतं आणि भिंत पुढे ढकलली जाते. माथ्यावर गटार करा. उपसलेली माती मात्र तिथे टाकू नका.

सळई माती थोडी सरकल्यावरच ताण घेते. त्यामुळे माथा उंचीच्या साधारण 0.2 टक्के, म्हणजे इथे 12 मिलिमीटर, पुढे येणं अपेक्षितच आहे. शेजारची जुनी भिंत तेवढंही सोसणार नसेल, तर आधीच ताण दिलेले अँकर किंवा पाइल्स, म्हणजे जमिनीत खोल घातलेले खांब, लागतील. माथ्यावर खुणा ठोकून पहिलं माप खोदाई सुरू होण्यापूर्वीच घ्या. नंतर घेतलेल्या मापाची तुलना करणार कशाशी?